क्रॅटम घ्यायचंच म्हणता? मग पान, पावडर आणि गोळी यांतला फरक बघा

टेक्ससमधल्या ह्यूस्टनला पेट्रोल भरायला थांबलं की काउंटरवर च्युइंगमच्या शेजारी क्रॅटम दिसतंच. हिरव्या पावडरीच्या पिशव्या, दोन घोटांत संपणाऱ्या बाटल्या आणि हल्ली ‘सेव्हन-ओएच’ लिहिलेल्या गोळ्या. कंबरदुखीनं जेरीला आलेल्या एका मित्रानं परवा पिशवी आणि गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, “झाडपाल्याचंच औषध आहे रे. यातलं कुठलं घेऊ?”

आधी झाडाबद्दल. क्रॅटम म्हणजे मित्रगायना स्पेसिओसा, हे कॉफीच्या कुळातलं झाड थायलंड, मलेशिया, इंडोनेशियात वाढतं. आपला कळंब त्याचा भाऊबंद, पण म्हणून कळंबाची पानं चघळायला जाऊ नका. दक्षिण थायलंडात रबराच्या मळ्यात राबणारी माणसं क्रॅटमचं ताजं पान खातात. विड्याच्या पानाची शीर काढावी तशी मधली शीर ओढून काढायची, पान चावायचं, वर गरम पाणी किंवा कॉफी. थोडं खाल्लं तर तरतरी येते, दुखणं विसरायला होतं. जास्त झालं की तेच पान गुंगी आणतं. सवयही लागते. रोज खाणाऱ्याला पान मिळालं नाही की नाक गळतं, अंग मोडून येतं, झोप उडते.

थायलंडनं 1943 साली यावर बंदी घातली. अफूच्या करावर सरकारचं उत्पन्न होतं आणि लोक फुकटच्या पानाकडे वळत होते, असं त्यामागचं कारण नेहमी सांगितलं जातं. ऑगस्ट 2021 मध्ये ती बंदी उठली. आता 18 वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते विकता येत नाही. शेजारच्या मलेशियात मात्र ते आजही कायद्याच्या कचाट्यात आहे.

अमेरिकेत येते ती वाळलेल्या पानांची पावडर, बहुतेक इंडोनेशियातून. पान आणि पावडर यांत खरा फरक मापाचा. पान माणूस चावून खातो, कडू लागतं, आपोआप हात आखडतो. पावडर चमच्यानं पोटात जाते. पानातलं मुख्य द्रव्य मित्रगायनीन. ते किती, हे झाडागणिक आणि पिशवीगणिक बदलतं. लाल, हिरव्या, पांढऱ्या शिरेचे वेगवेगळे गुण पिशवीवर छापलेले असतात, ते मी तरी मनावर घेत नाही. स्वच्छतेचाही प्रश्न आहेच. 2018 मध्ये क्रॅटममधून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरला, 41 राज्यांतले 199 लोक आजारी पडले.

सेव्हन-ओएच, म्हणजे सेव्हन-हायड्रॉक्सीमित्रगायनीन, ही निराळीच चीज. पानात ते नखभर असतं. गोळीत तेच वेगळं काढून किंवा रासायनिक प्रक्रियेनं बनवून भरतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मॉर्फिनपेक्षा जोरदार ठरलंय. जुलै 2025 मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, यावर नियंत्रण आणायची शिफारस केली, तीही पानाला वगळून, फक्त या द्रव्यावर. ऑगस्टमध्ये फ्लोरिडानं त्यावर बंदीच घातली. पान आणि ही गोळी एका नावाखाली विकणं म्हणजे द्राक्षं आणि ब्रँडी एकाच पाटीत मांडणं. गोळीला माझं उत्तर सरळ ‘नाही’.

पावडरीबद्दल इतकं सरळ उत्तर नाही. वेदनेत उतार पडतो असं सांगणारे पुष्कळ आहेत, अफूवर्गी गोळ्या सोडताना आधार झाला म्हणणारेही आहेत, आणि मला ते सगळे खोटं बोलतात असं वाटत नाही. पण क्रॅटमला एफडीएची औषध म्हणून मान्यता नाही, आणि अफूवर्गी गोळ्या सोडायला ब्युप्रेनॉर्फिन हे तपासलेलं, मापात मिळणारं औषध डॉक्टर देतात. तिथे माझा कौल डॉक्टरकडे. दुसरी भीती मिसळण्याची. मित्रगायनीन यकृतातल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे नैराश्याच्या आणि वेदनेच्या काही औषधांचा रक्तातला साठा चढू शकतो. जुलै 2016 ते डिसेंबर 2017 या काळातल्या 27 राज्यांमधल्या अतिसेवनाच्या मृत्यूंत 152 जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं. फक्त क्रॅटमच सापडलं असे त्यांतले 7. बाकीच्यांत सोबत दुसरं काहीतरी होतं. क्वचित यकृतालाच सूज येते. लघवी गडद, डोळे पिवळे दिसले की थांबून दवाखाना गाठायचा.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत राज्य ओलांडलं की नियम बदलतो. टेक्ससमध्ये 2023 पासून कायदा आहे: 18 च्या खाली विक्री नाही, आणि एकूण अल्कलॉइडांत, म्हणजे मित्रगायनीनसारख्या द्रव्यांत, सेव्हन-ओएच दोन टक्क्यांच्या वर नको. आय-10 महामार्गावरून पूर्वेला लुइझियानात शिरलात की 1 ऑगस्ट 2025 पासून तीच पिशवी गुन्हा. आर्कन्सॉतही बंदी.

मित्राला विचारलं, आणखी काय चालू आहे? डिप्रेशनची गोळी, एक वर्षापासून. मग पावडरीचाही प्रश्न मिटला. गोळ्यांचं पाकीट त्यानं मुकाट्यानं परत खिशात घातलं, दुकानदार पैसे देतो का बघतो म्हणाला. फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे आणि तोवर कंबर दुखणारच, त्यावर माझ्याकडे गरम पाण्याच्या पिशवीपलीकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरात तो बहिणीकडे सिंगापूरला जाणार आहे. तिथे क्रॅटम थेट अमली पदार्थांच्या कायद्यात मोडतं, म्हणून बॅगेचे कप्पे झटकून जा, एवढं मात्र त्याला दोनदा बजावलं.