३-९×४० एओ स्कोप : द्राक्षाचा एक हंगाम वापरल्यावर

दिवाळीनंतर एअर रायफलीसाठी घेतलेल्या स्कोपमधली (नेमाच्या दुर्बिणीतली) काडी, म्हणजे नेम धरायची उभी-आडवी रेघ, संक्रांतीपर्यंत तिरकी झाली. माउंट (स्कोप गनवर धरून ठेवणारी पकड) जागच्या जागी, स्क्रू घट्ट, बाहेरून सगळं नव्यासारखं. आत बघावं तर उभी रेघ एका बाजूला कललेली. टरेट (नेम सरकवायची चकती) फिरवला की टकटक आवाज यायचा, पण छर्रा लागायची जागा काही हलायला तयार नाही.

वॉरंटी वर्षाची होती. विक्रेत्याला (नाव लिहीत नाही, दुकान सांगलीतलं नाही) फोटो पाठवले. उत्तर आलं, 'सर, स्प्रिंगच्या गनवर लावला होता का?' हो म्हटलं. 'मग वॉरंटी बसत नाही.' अहो, जाहिरातीत ठळक अक्षरांत 'एअर रायफल स्कोप' लिहिलंय. आपल्याकडे परवान्याशिवाय मिळते ती .१७७ ची (साडेचार मिलिमीटर छर्र्याची), २० ज्यूल ताकदीच्या आतली, आणि त्यातही परवडणारी म्हणजे स्प्रिंगवालीच. मग हा स्कोप लावायचा कशावर, बंबावर?

स्प्रिंगची गन स्कोप का खाते ते सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. लगेच पिस्टन टोकाला जाऊन थांबतो, तेव्हा बंदुकीला पुढच्या दिशेने हिसका बसतो. काडतुसाच्या रायफलीला धक्का मुख्यतः मागेच बसतो, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेला महागडा स्कोपसुद्धा या पुढच्या हिसक्याने आतून सुटू शकतो. घेताना 'स्प्रिंग गनला चालतो' एवढं वाक्य विक्रेत्याकडून लेखी घ्या. माझ्याकडे मेसेज होता, म्हणून बरीच हुज्जत घातल्यावर बदलून मिळाला. पाठवायचा कुरियर खर्च माझ्या माथी.

दुसरा पीस आल्यावर आधी माउंट बदलला. सोबत दोन सुट्या रिंगा येतात, त्या डोव्हटेलवर (गनवरच्या खाचेवर) हळूहळू मागे सरकतात. एकसंध माउंट घेतला, त्याची स्टॉप पिन (मागे सरकू न देणारी खुंटी) गनवरच्या भोकात बसवली, आणि तेव्हापासून झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, हललेला नाही. काच चांगली आहे. या किमतीत, म्हणजे सहा हजारांच्या आसपास, याहून स्वच्छ मिळेल असं वाटत नाही.

आता स्कोपच्या पुढच्या टोकाची फिरणारी रिंग. एओ, म्हणजे पॅरॅलॅक्सची, टारगेटच्या अंतराप्रमाणे चित्र जुळवणारी. हिच्याशिवाय स्कोप घेऊ नका, हे आधीच सांगतो. साधे स्कोप बहुधा शंभर यार्डांवर जुळवलेले असतात. दहा-वीस मीटरवर त्यातून पाहिलं तर चित्र धूसर, आणि गाल जरा हलला की काडी टारगेटवरून सरकते. पण हिच्यावर आकडे कुणी छापले, देव जाणे! तासगावकडे आमचं बेदाण्याचं शेड आहे. माल रॅकवर चढेपर्यंत ते रिकामंच असतं. तिथे टेप लावून २५ मीटर मोजले, मागे वाळूचं पोतं. (द्राक्षावरच्या साळुंक्यांना जाळी पुरते. पक्ष्या-प्राण्यांवर नेम धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही बसत नाही आणि आमच्या घरातही.) २५ मीटर म्हणजे २७ यार्डांच्या थोडं वर. चित्र स्पष्ट होतं ते रिंग ३५ यार्डांच्या जवळ नेल्यावर. १० च्या खुणेवर तर काहीच दिसत नाही. शिवाय थंडीत सकाळी आतलं ग्रीस गोठतं की काय, ती फिरवताना अख्खी गन टेकूवरून फिरते. शेवटी औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी रिंगेभोवती गुंडाळली आणि टेपने अंतर मोजून बॉलपेनने माझ्या खुणा केल्या : १०, १५, २०, २५ मीटर. दहा रुपयांत काम झालं. कंपनीला ते का जमू नये?

झूमबद्दल मत बदललं. हा तीन ते नऊ पट मोठं दाखवतो; घेताना नऊचा हट्ट होता, आता बोट सहाच्या पुढे जात नाही. पुढची काच ४० मिलिमीटरची, ४० ला ९ ने भागा, साडेचार मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. संध्याकाळी पाचनंतर शेडमध्ये तो कमी पडतो. सहावर तोच साडेसहाच्या वर जातो. वर नवावर छातीचे ठोकेसुद्धा काडीत दिसतात. मात्र मिल-डॉटची (काडीवरच्या मोजमापाच्या ठिपक्यांची) मापं या स्कोपमध्ये नवावरच बरोबर येतात, सहावर ठिपक्यांवरून हिशेब करू नका. मित्र म्हणत होता, ६-२४×५० घे. ती काच बसवायला माउंट उंच लागतो, वजन वाढतं आणि पैसे दुप्पट. पंचवीस मीटरवरच्या डब्याला कशाला एवढा थाट?

टरेटचा एक क्लिक नेम पाव इंच सरकवतो, पण ते शंभर यार्डांवर. २५ मीटरवर एक क्लिक म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. दोन सेंटीमीटर सरकवायला बाराएक क्लिक लागतात. पहिल्यांदा झिरो करताना दोन-तीन क्लिक देऊन 'हलतच नाही' म्हणून कुरकुरू नका.

घरात कुणी १० मीटर स्पर्धेची तयारी करत असेल तर हा खर्च वाचवा. पुतणीला कौतुकाने दाखवला, तर म्हणाली, "काका, आमच्याकडे स्कोप चालतच नाही, पीप साइटवरच मारावं लागतं." (पीप साइट म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची, काचेशिवायची सोय.) खरं आहे.

काचेला चार तारे, सोबतच्या माउंटला शून्य, एओ रिंगेला एक, तोही चिकटपट्टीचा. कुरियरचे पैसे परत करतो म्हणाले होते, अजून आलेले नाहीत. आले की अर्धा तारा वाढवीन.