१८ डीबीआयचा अँटेना आणि आतली पोकळ नळी

आमचा राउटर तळमजल्यावर आहे आणि माझी कामाची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. तेथे वायफाय सतत अडखळत असे. नेटवर्कची उपकरणे विकणाऱ्या एका गृहस्थांना मी घराची रचना कागदावर काढून दाखवली, तेव्हा त्यांनी १८ डीबीआयचे (अँटेना एखाद्या दिशेला सिग्नल किती एकवटतो याचे माप) दोन अँटेने आणि प्रत्येकासाठी ३ मीटर केबल सुचवली व वरची खोली हमखास सुधारेल असे सांगितले. जितका आकडा मोठा तितकी ताकद अधिक, हे त्यांचे म्हणणे मला पटले आणि मी पैसे मोजले.

अँटेने लावल्यावर त्याच टेबलावर, त्याच मोबाइलवर उणे ६८ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) मिळणारा सिग्नल उणे ७७ पर्यंत घसरला. तक्रार केल्यावर आधी राउटर जुना असल्याचे कारण पुढे आले, मग आणखी एक सिग्नल वाढवणारे यंत्र घेण्याचा आग्रह झाला, आणि माल परत घेण्याचा विषय काढताच वेष्टन फोडलेले असल्याने ते शक्य नाही असे उत्तर मिळाले.

शेवटी मी एक अँटेना कापून पाहिला. ३८ सेंटिमीटर लांबीच्या त्या नळीत जेमतेम ६ सेंटिमीटरचा भाग कामाचा होता: सुमारे ३ सेंटिमीटर उघडी तार आणि तेवढीच धातूची बाही. बाकी सारी नळी पोकळ. २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या वारंवारितेची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते आणि तिच्या निम्म्या लांबीचा हा साधा द्विध्रुव, म्हणजे डायपोल, फार तर २ डीबीआयच्या आसपास देतो. राउटरसोबत आलेल्या अँटेन्यातही बहुधा हेच असते. चहूबाजूंना सारखा सिग्नल देणाऱ्या उभ्या अँटेन्याला या वारंवारितेवर खरोखर १८ डीबीआय गाठायचे असतील, तर त्याची लांबी साडेतीन-चार मीटर तरी हवी. म्हणजे छापलेला आकडा खोटा आहे हे नळी न कापता, नुसत्या मोजपट्टीनेही कळले असते, आणि ते मला तेव्हा ठाऊक नव्हते याची खंत अजून वाटते.

केबलने उरलेसुरले नुकसान केले. तसल्या बारीक केबलमध्ये या वारंवारितेवर मीटरमागे साधारण २ डेसिबल वाया जातात. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते; ३ मीटरमध्ये ६ डेसिबल गेले, म्हणजे अँटेन्यापर्यंत राउटरची एक चतुर्थांश शक्तीच पोहोचते. ५ गिगाहर्ट्झवर ही गळती आणखी वाढते.

मला सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच शक्ती काही दिशांतून काढून इतर दिशांना देतो. त्यामुळे उभ्या अँटेन्याचे डीबीआय वाढतात तसा त्याचा सिग्नल आडव्या चकतीसारखा चपटा होत जातो आणि थेट वर-खाली फारच थोडा उरतो. आकडा खरा असता, तरी माझ्या खोलीसाठी तो अँटेना चुकीचाच ठरला असता, आणि हा सल्ला मला घराचे चित्र समोर ठेवून देण्यात आला होता.

जुने अँटेने पुन्हा बसवले, त्यांतला एक आडवा केला आणि राउटर लोखंडी कपाटामागून काढून उघड्या फळीवर ठेवला. आता वर उणे ६१ मिळतात.

तुम्ही अँटेना घेणार असाल, तर पैसे देण्याआधी त्याच्या उभ्या दिशेतील प्रसारणाचा आलेख आणि केबलची मीटरमागची गळती लेखी मागा. माल परत करण्याची मुदत व अट पावतीवर लिहून घ्या, आणि त्या मुदतीत एकाच जागी, एकाच उपकरणावर, जुन्या व नव्या अँटेन्याची प्रत्येकी दहा-बारा मोजमापे घेऊन त्यांची छायाचित्रे जपून ठेवा. मी जुन्या अँटेन्याच्या मोजमापाचे एकही छायाचित्र काढले नव्हते, त्यामुळे घसरलेले ९ डेसिबल मला विक्रेत्यासमोर सिद्ध करता आले नाहीत.