नाटकात व्हिडिओ घ्यायचाय: समोरून, मागून, की एलईडी वॉल?

राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवी संहिता हातात आली की हल्ली पहिल्या वाचनालाच कुणीतरी म्हणतं, "इथे मागे प्रोजेक्शन टाकू." जणू खांद्यावरचा टॉवेल दोरीवर टाकायचाय. बहुतेक वेळा हे म्हणणारा नट असतो आणि ऐकून घेणारा प्रकाशयोजनाकार. मी बरीच वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसलोय.

यंदा एका मित्राचं नाटक आहे. गिरणगाव, 1982 चा संप. चाळीची गॅलरी, गिरणीचं गेट आणि मध्येमध्ये संपकाळातल्या मोर्च्यांची जुनी दृश्यं. त्याने विचारलं, प्रोजेक्टर समोरून मारू, मागून मारू, की सरळ एलईडी वॉल भाड्याने घेऊ? त्याचंच नाटक माप म्हणून धरतो.

समोरून प्रोजेक्शन

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा फसणारं. आधी गणित करा. 20 फूट बाय 12 फूट चित्र म्हणजे साधारण 22 चौरस मीटर. कॉन्फरन्स हॉलमधला 5000 लुमेनचा प्रोजेक्टर आणलात तर पडद्यावर पडतात जेमतेम 225 लक्स. (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा.) नटाच्या चेहऱ्यावर आपण सहज 500 लक्सच्या पुढे प्रकाश ठेवतो. त्यातला थोडा जरी मागच्या सायकवर, म्हणजे रंगमंचामागच्या मोठ्या कोऱ्या पडद्यावर, सांडला तरी तुमची गिरणी धुक्यात गेलीच. मग तंत्र तालमीत ठरलेला संवाद होतो. दिग्दर्शक म्हणतो, "दादा, लाइट थोडे कमी कर, चित्र दिसत नाहीये." दहा मिनिटांनी तोच म्हणतो, "अरे, चेहरे कुठे गेले?"

तेच चित्र रुंदीने अर्धं करा, 10 फूट बाय 6 फूट. तोच प्रोजेक्टर आता 900 लक्सच्या आसपास देतो. रुंदी निम्मी केली की उजेड चौपट होतो. महागडा प्रोजेक्टर शोधण्याआधी चित्र लहान करून बघा. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2007 साली 'वॉर हॉर्स' केलं तेव्हा पूर्ण मागची भिंत चित्राने भरली नाही. वहीतून फाडलेल्या कागदासारखी एक आडवी पट्टी रंगमंचावर टांगली आणि तिच्यावर रेखाटनं उमटवली. बाकी सगळा काळोख, आणि त्या काळोखात बाहुल्यांचे घोडे.

दुसरा प्रश्न सावलीचा. प्रोजेक्टर बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला तर नट मध्ये आला की त्याची सावली गिरणीच्या चिमणीएवढी होते. तोच रंगमंचावरच्या बारला, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या पाइपला, टांगून तिरका खाली मारला तर सावली नटाच्या मागे जमिनीवर पडते, पडदा वाचतो. फक्त चित्र वर अरुंद, खाली रुंद होतं. ते कीस्टोनच्या बटणाने सरळ करता येतं, पण त्यात पिक्सेल आणि उजेड दोन्ही वाया जातात. लेन्स शिफ्ट, म्हणजे प्रोजेक्टर न वाकवता लेन्सनेच चित्र वर-खाली सरकवण्याची सोय, असलेला प्रोजेक्टर मिळाला तर तोच घ्या. आणि नट पडद्यापासून सहा-सात फूट पुढे ठेवून त्यांना विंगेतून, बाजूने प्रकाश द्या. समोरचे दिवे जितके कमी, तितकं चित्र टिकतं.

एक गोष्ट भाड्याने देणारा सांगत नाही. व्हिडिओतली काळी फ्रेम म्हणजे अंधार नव्हे. ब्लॅकआउट घेतला की पडद्यावर राखाडी चौकोन लटकत राहतो. आमच्या एका प्रयोगात नायक मेला, अंधार झाला आणि तो चौकोन त्याच्या उठून विंगेत जाण्याला मंद प्रकाश देत राहिला. प्रेक्षक हसले. तेव्हापासून मी लेन्सपुढे पुठ्ठ्याची झडप लावतो आणि दोरी पडदा ओढणाऱ्या मामांच्या हातात देतो. यांत्रिक शटर विकतही मिळतं, पण मामांचं टायमिंग जास्त चांगलं आहे.

मागून प्रोजेक्शन

सावली नाही, नट पडद्याला खेटून उभा राहू शकतो, चित्रातून बाहेर आल्यासारखा दिसतो. 1958 च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आणि दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक यांनी 'लातेर्ना माजिका'मध्ये पडद्यावरची आणि रंगमंचावरची माणसं एकमेकांत मिसळली. ती जादू करून बघायची असेल तर मला मागची बाजूच जास्त आवडते.

अडचण खोलीची. प्रत्येक लेन्सचं एक गुणोत्तर असतं: पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. 0.8 ला 1 म्हणजे 16 फूट रुंद चित्रासाठी सुमारे 13 फूट अंतर. तेवढी जागा पडद्यामागे गेली तर 28 फूट खोल रंगमंचातले 15 फूट उरतात. त्यात चाळीची गॅलरी, जिना आणि आठ नट बसवा पाहू. शॉर्ट थ्रो लेन्सने, म्हणजे 0.5 ला 1 ने, तेच चित्र 8 फुटांत येतं, पण इतक्या जवळून कडांना उजेड ताणला जातो. शिवाय मागून चालणारा अर्धपारदर्शक पडदा लागतो. पांढरी चादर ताणलीत तर मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कापडातून लेन्सचा झगझगीत ठिपका दिसतो. आणि पडद्यामागून कुणी चहाचा ट्रे घेऊन गेला, तर तोही संपात सामील होतो.

जिथे तालमीसाठी रंगमंच एक-दोन दिवस आधी मिळतो तिथे मागून करा. जिथे आधीचं नाटक दुपारी साडेचारला संपतं आणि तुमची तिसरी घंटा सहाला, तिथे नको.

एलईडी वॉल

चित्र झकास. याबद्दल वाद नाही. पूर्ण दिव्यांतही दिसतं, ब्लॅकआउटला खरोखर काळं होतं, सावली-खोली कसलीच कटकट नाही.

आता वजन मोजा. ही भिंत एलईडीचे अर्ध्या मीटरचे चौकोन जोडून उभी राहते, आणि एका चौकोनाचं वजन सात-आठ किलो. 6 मीटर बाय साडेतीन मीटर भिंतीला असे 84 चौकोन, म्हणजे सहाशे किलोच्या वर. जुन्या नाट्यगृहातल्या दोरीच्या बारला ते टांगायचा विचारही करू नका, जमिनीवरच रचावं लागतं. पण माझी खरी तक्रार वजनाची नाही. ही भिंत स्वतः दिवा आहे. तिच्यापुढे उभा राहिलेला नट काळी आकृती होतो. मग त्याच्यावर प्रकाश वाढवा, मग तो लग्नाच्या स्टेजवरच्या नवरदेवासारखा दिसतो. भिंतीची प्रखरता दहा-वीस टक्क्यांवर आणता येते, पण तेवढ्या खाली गेलं की गडद रंगांच्या छटा तुटतात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात. नृत्यनाट्य, ऑर्केस्ट्रा, मोठा ऐतिहासिक तमाशा असेल तर जरूर घ्या. दोन माणसं खाटेवर बसून हळू बोलताहेत अशा नाटकामागे मला ती टीव्हीच्या शोरूमसारखी वाटते.

आणि काहीच नाही

हा पर्याय यादीतून आधी खोडू नका. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते. रंगवलेला पडदा लटकवला की प्रोजेक्टरला हँग होण्याची भीती नसते. 1959 साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं, तेही निव्वळ प्रकाशाने. तुमच्या नाटकातला पाऊस, आग, रेल्वे या गोष्टी आधी दिवे आणि आवाज यांतून होतात का ते बघा.

माझी फूटपट्टी साधी आहे. चित्र 'कुठे' हे सांगत असेल तर फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीचं नेपथ्य, करा. चाळीच्या गॅलरीचा फोटो मागे आणि नट पुढे, यात गॅलरीच्या कठड्याला कुणी टेकू शकत नाही. चित्र 'केव्हा' सांगत असेल, किंवा रंगमंचावर नसलेलं जग आत आणत असेल, तर व्हिडिओला अर्थ आहे. 1982 चे मोर्चे हे असं जग आहे. तीसेक माणसांचा जमाव घेऊन अडीच लाख गिरणी कामगार उभे करता येत नाहीत. त्या जुन्या फिल्मचे हक्क कुणाकडे आहेत हे मात्र आधी विचारा. इंटरनेटवरून उतरवलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असतो आणि परीक्षकांचे डोळे चांगले असतात.

परदेशात प्रयोग असेल तर हिशोब उलटतो. नेपथ्याचे फ्लॅट विमानाने नेणं परवडत नाही, आणि तिथल्या सभागृहात प्रोजेक्टर बहुधा असतोच. तिथे मी प्रोजेक्शन नेपथ्यापेक्षा इंग्रजी उपशीर्षकांसाठी आधी वापरेन. मराठी न येणारी नातवंडं आजी-आजोबांबरोबर बसून शेवटपर्यंत नाटक बघतात.

लॅपटॉपबद्दल

कुठलाही मार्ग घ्या, घात इथे होतो. व्हीएलसी प्लेअर व्हिडिओ सुरू होताना फाइलचं नाव पडद्यावर दाखवतो. ते सेटिंगमधून बंद करा, नाहीतर कारुण्याच्या प्रसंगावर 'फायनल_फायनल_2' असं झळकतं. इंटरनेट तोडा, नोटिफिकेशन बंद करा, स्क्रीनसेव्हर काढा. बूथपासून रंगमंचापर्यंत साधी एचडीएमआय वायर ओढू नका. 15 मीटरनंतर ती कधी साथ सोडेल सांगता येत नाही. एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ वायर) किंवा कॅट-6 म्हणजे नेटवर्कच्या वायरवरचा एक्स्टेंडर घ्या. आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज क्षणभर गेली तरी तो थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. नाट्यगृहातला जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, तुमचं चित्र काही मिनिटांनी. लेझर प्रोजेक्टर लगेच उठतो. नाहीतर छोटा यूपीएस लावाच. रंगमंचावर थेट कॅमेरा दाखवणार असाल तर तीन फ्रेमचा उशीरही ओठ आणि आवाज वेगळे पाडतो, म्हणून क्लोजअपमध्ये नटाला बोलायला लावू नका.

मित्राने शेवटी एलईडी वॉल सोडली, मागची बाजूही सोडली. गॅलरी लाकडाची उभी केली आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेली चादर हाच पडदा केला. आठ फूट बाय साडेचार फूट, वरून तिरका 4000 लुमेनचा प्रोजेक्टर. एवढ्याशा जागेत 1200 लक्सच्या आसपास मिळतात, मोर्चा स्पष्ट दिसतो. शेवटच्या प्रवेशात बायको येते, चादर दोरीवरून ओढून घडी घालते आणि मोर्चा तिच्या अंगावर, मग भिंतीवर पसरतो.

चादरीला इस्त्री करायची की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.