हिरवी एमजीबी आणि दाराखालचा सडलेला पत्रा

गेल्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमजवळ मी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ९,४०० पौंडांना घेतली. आज ती गॅरेजमध्ये उभी आहे आणि रस्त्यावर आणायला आणखी सात हजार लागतील, असं मेकॅनिक सांगतो. सहा वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून ती घेतली होती. इकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वेड आहे, म्हणून घडलं ते सगळं लिहितोय.

गाडी देखणी होती. गडद हिरवा रंग, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. १७९८ सीसीचं इंजिन आणि दोन एसयू कार्ब्युरेटर. तो घुमणारा आवाज ऐकला आणि माझं मन तिथेच ठरलं. मी पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम लागत होतं, म्हणजे गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन कसं सुरू होतं हे मी पाहिलंच नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर आहे, असंही विकणाऱ्याने सांगितलं होतं. चौथ्या गिअरमध्ये स्विच ओढला, पण इंजिनाचे फेरे काही उतरले नाहीत. "वायर सुटलीय, दहा मिनिटांचं काम," तो म्हणाला आणि मी मान डोलावली. त्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नव्हताच.

तरी हे किरकोळ. खरा घात दाराखाली होता. १९६२ ते १९८० या काळात अबिंग्डनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. वर छप्पर नाही, त्यामुळे बहुतेक ताण दाराखालच्या पोकळ तुळईवर, म्हणजे सिलवर येतो. तिथे पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो. नीट काम करायचं तर सडका पत्रा कापून आतला, बाहेरचा आणि खालची दातेरी पट्टी असं सगळं नवं बसवावं लागतं. माझ्या गाडीत कोणी काहीच कापलं नव्हतं. सडक्यावरच नवा पत्रा टाचला होता, सांध्यात लांबी, म्हणजे पुटी भरली होती आणि खालून काळ्या अंडरसीलचा, म्हणजे गंजरोधक लेपाचा जाड थर दिला होता. मेकॅनिकनं गाडी जॅकवर उचलली तशी दाराची फट मिटली आणि दार अडकलं. ही परीक्षा मला विकत घेण्याआधी करता आली असती. एक जॅक आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरलं असतं; जिथे लांबी भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही. विकणारा गाडी उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

"हिला एमओटी लागत नाही," हे त्यानं मोठ्या फायद्याच्या सुरात सांगितलं. एमओटी म्हणजे इथली गाड्यांची सक्तीची वार्षिक चाचणी. त्याचं म्हणणं खरं आहे. मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना सूट आहे. पण जुन्या चाचण्यांची नोंद सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून फुकट बघता येते. मी ती बघितली पैसे दिल्यानंतर. २०१७च्या शेवटच्या चाचणीत सिलजवळच्या गंजाचा स्पष्ट उल्लेख होता. सूट असली तरी चाचणी करून घेता येते, आणि तिला साठ पौंडसुद्धा लागत नाहीत. विकणाऱ्याला आधी ती करून आणायला सांगा.

आणखी एक. तो मला घरी नाही, एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटला. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. "काकांची गाडी, ते आजारी आहेत," म्हणाला. मला त्या काकांची कीव आली. नंतर कळलं, त्याच फोन नंबरवरून आणखी तीन गाड्या विकायला होत्या. म्हणजे तो व्यापारी होता. व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, म्हणूनच त्यानं खासगी विक्रीचं सोंग घेतलं.

पैसे बँकेतून पाठवले होते, पण खात्यावरचं नाव तिसऱ्याच कोणाचं. फोन आता बंद आहे. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. अर्ज मी भरून ठेवलाय, फक्त प्रतिवादीच्या पत्त्याचा रकाना कोरा आहे.