कापलेली नळी 'फुल चोक' म्हणून गळ्यात मारली

ससे-तितरांसाठी जुनी पंप-ॲक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) शॉटगन बघत असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मला एका विकणाऱ्याने ज्या पद्धतीने टोपी घातली ती इतकी साधी आहे की तो अजून चार जणांना तेच करत असणार. कागदोपत्री सगळं चोख होतं, लायसन्स बरोबर, नंबर बरोबर, ट्रान्सफर बरोबर. खोटी होती ती फक्त नळी.

बंदूक रेमिंग्टन ८७०, १२ गेज (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप). हे मॉडेल १९५० पासून निघतंय, कोटीच्या वर विकलं गेलंय, त्यामुळे सेकंडहँडमध्ये तेच जास्त दिसतं आणि पार्टही ढिगाने मिळतात. सोय तीच आणि गोचीही तीच. ८७० ची बॅरल काढायला हत्यार लागत नाही, ॲक्शन मागे घेतली, मॅगझिनची, म्हणजे खालच्या काडतुसांच्या नळकांड्याची, टोपी फिरवली की नळी हातात येते आणि दुसरी तशीच बसते. म्हणजे दोन मोडक्या बंदुका जमवायच्या आणि त्यातून एक चकाचक 'ओरिजिनल' उभी करायची, याला काही मोठं कसब लागत नाही. (जुन्या इथाका ३७ मध्ये एकेक नळी त्या त्या बंदुकीला घासून बसवलेली असायची, तिथे ही चालूगिरी एवढी सहज जमत नाही.)

त्याचं बोलणं ऐका आता. फुल चोक आहे (म्हणजे नळीचं तोंड आवळलेलं, छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात), तीन इंची मॅग्नम आहे (म्हणजे लांब, जास्त दमदार काडतूस चालतं), वर २६ इंची म्हणजे झाडीत फिरवायला हलकी, सशापासून बदकापर्यंत एकच बंदूक घ्या आणि निवांत राहा. माझं मत विचाराल तर 'सगळ्याला एकच' हे वाक्य कानावर आलं की तिथूनच खिसा सांभाळायला लागावं, कारण सशाला मॅग्नम लागतच नाही, पावणेतीन इंची काडतुसात औंसभर सहा नंबरचे छर्रे भरपूर झाले. आणि फिक्स चोकच्या, म्हणजे चोक नळीतच घडवलेल्या, जुन्या ८७० मध्ये फुल चोक साधारण २८ किंवा ३० इंची नळीत यायचा, २६ इंचीवर बहुतेक वेळा इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे बराच उघडा चोक, असायचा. २६ आणि फुल एकत्र सांगितलं तर विचारायचं, कसं काय बुवा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली निमुळती जागा, शेवटच्या दोन-तीन इंचातच सगळा खेळ. १२ गेजची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, फुल चोकला तोंडाशी ती साडेसतराच्या आसपास येते. ३० इंची नळीचे पुढचे चार इंच कापले की चोक गेला, सरळ पाइप उरला. पण 'फुल' हा शिक्का असतो मागे, रिसिव्हरजवळ (नळी ज्यात बसते तो बंदुकीचा मुख्य सांगाडा), आणि करवत चालते पुढून. शिक्का तसाच राहतो. त्याने मला तो शिक्का टॉर्च मारून दाखवला होता!

शिवाय नळीवरचा तारखेचा कोडही वाचून दाखवला. ८७० वर महिन्याचं अक्षर 'ब्लॅकपावडरएक्स' या स्पेलिंगवरून येतं, बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असं करत शेवटचा एक्स डिसेंबर. माणूस एवढं बारीक सांगतोय म्हटल्यावर जाणकार वाटतोच. पण तो कोड असतो नळीवर, त्यातून कळतं नळी कधीची, रिसिव्हर कधीचा ते नाही.

सीझनमध्ये पहिला ससा उठला तो तीस-पस्तीस मीटरवर, बार निघाला, ससा कोलमडला आणि परत उठून मागचा पाय ओढत झुडपात. खूप वेळ शोधला तेव्हा सापडला, अजून जिवंत होता. असलं बघायला कोणी शिकारीला जात नाही. मग कागद लावून पॅटर्न घेतला, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते बघितलं. हिशोब असा की ४० यार्डावर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकचे साधारण ७० टक्के छर्रे पडायला पाहिजेत, सरळ नळीचे ४० टक्के. औंसभर सहा नंबरमध्ये सव्वादोनशेच्या आसपास छर्रे असतात. माझ्या कागदावर त्यातले निम्मेसुद्धा नव्हते आणि मधेमधे अख्खा ससा बसेल एवढी कोरी जागा.

तीन इंची काडतूस घातलं तर ते उडालं, पण रिकामी पुंगळी बाहेर पडेना, रिसिव्हरच्या बाजूच्या खिडकीतच आडवी अडकली. विकणाऱ्याने पंप चालवून दाखवला होता तो प्लास्टिकच्या डमी काडतुसांवर, आणि ती पावणेतीन इंची होती. लोण्यासारखा चालला होता तेव्हा.

गनस्मिथने बंदूक हातात घेतल्या घेतल्या नळीचं तोंड डोळ्यासमोर आडवं धरलं. नळीच्या वर जी रिबची पट्टी असते ती छोट्या छोट्या खांबांवर उभी असते आणि कंपनीच्या नळीत शेवटचा खांब तोंडापाशीच असतो. माझ्या नळीत शेवटच्या खांबानंतर पट्टी तशीच अधांतरी पुढे आलेली, खालून आरपार उजेड दिसत होता. खांब कापलेल्या तुकड्यासोबत गेला. माशी (नेम धरायचा पुढचा मणी) नवीन भोक पाडून बसवलेली, तोंडाच्या कडेचा निळा रंग बाकीच्या नळीपेक्षा गडद. कॅलिपर आत घातला, साडेअठरा. मग त्याने रिसिव्हरवरच्या नंबरचं शेवटचं अक्षर दाखवलं, व्ही. बऱ्याच ८७० वर १२ गेजला व्ही म्हणजे पावणेतीन इंची आणि एम म्हणजे तीन इंची मॅग्नम. रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर रिसिव्हरमध्ये रिव्हेट केलेला असतो, तो पावणेतीनचा, नळी मात्र तीनची. म्हणून पुंगळी अडकत होती.

यात एकच बरं, की उलटं नव्हतं. नळीच पावणेतीनची असती तरी तीन इंची काडतूस आत गेलं असतं, कारण काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्यामुळे न उडालेलं काडतूस आखूड असतं, ते उघडतं उडताना, आणि तिथे जागा नसली की प्रेशर चढतं. तेव्हा कोणी 'बसतंय ना, मग चालतंय' म्हणाला तर ऐकू नका.

फोन केला तर साहेब म्हणतात, अहो ससा काय पन्नास मीटरवर मारतात का, जवळच्या मारायला सरळ नळीच बरी. अर्धं खरं आहे ते, दाट झाडीत वीस मीटरच्या आत उघडा चोकच चांगला. पण मग सरळ नळी म्हणून विक ना बाबा, त्या भावात विक. त्यावर म्हणाला 'जशी आहे तशी' दिली होती, नंतर फोन उचलणंच बंद.

आणि परत देणं किराणा परत देण्याएवढं सोपं नाही. बंदूक एकदा तुमच्या नावावर चढली की परत द्यायची म्हणजे पुन्हा ट्रान्सफर, पुन्हा कागद, आणि समोरच्याची सही लागणार. असले लोक यावरच निवांत बसलेले असतात. त्यामुळे जे काही भांडायचं ते नाव चढायच्या आधी. रिबचा शेवटचा खांब आणि माशी दिसेल असा तोंडाचा बाजूने काढलेला फोटो मागा, नंबर शेवटच्या अक्षरासकट मागा, कॅलिपर सोबत न्या, तीन इंची म्हणतोय तर तीन इंचीचाच बार रेंजवर काढून दाखव म्हणा, आणि चोक शिक्क्याप्रमाणे नसेल तर पैसे परत हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर उठा तिथून.