थरांच्या लाकडाची आर्चटॉप: तीन वर्षांच्या वादनानंतरचे परीक्षण

हे परीक्षण एका आर्चटॉपचे, म्हणजे वरची फळी कमानदार असलेल्या गिटारचे आहे. तिची घडण अशी: पूर्ण पोकळ शरीर, मेपलच्या पातळ थरांना दाब देऊन घडवलेली कमानदार तबली (वरची फळी), तिच्यावर व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रे, शरीराची रुंदी १६ इंच, कडांची खोली साधारण ८६ मिलिमीटर, टोकदार कटअवे (वरच्या स्वरांपर्यंत हात पोहोचावा म्हणून शरीराला दिलेला छेद), दोन हंबकर पिकअप (तारेचे कंपन विजेत उतरवणारी, दुहेरी वेटोळ्यांची चुंबकीय उपकरणे) आणि केवळ तारांच्या दाबावर उभा राहणारा शिसवी ब्रिज (तारांखालचा आधार). पिकअप सोडले तर ही घडण अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९४९ साली ईएस-१७५ या नावाने बाजारात आणली आणि पुढे अनेक कारखान्यांनी ती आपापल्या परीने उचलली. नावातील १७५ हा आकडा त्या वेळच्या किमतीचा, म्हणजे १७५ डॉलरचा आहे. माझ्याकडची गिटार याच धर्तीवर दुसऱ्या एका कारखान्याने बनवलेली आहे. त्या कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण येथे मला या घडणीविषयीच लिहायचे आहे.

आर्चटॉपची आवड असलेल्यांमध्ये एक समज फार पक्का आहे. खरी आर्चटॉप म्हणजे अखंड स्प्रूसमधून कोरलेली, आणि थरांच्या लाकडाची म्हणजे पैसे वाचवण्यासाठी केलेली तडजोड, असा तो समज. मीही तो बाळगूनच ही गिटार घेतली आणि काही वर्षांनी कोरीव तबलीची घेऊ असे मनाशी ठरवून ठेवले. आज तीन वर्षांनंतर माझे मत पूर्ण बदलले आहे. अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वाजवायची असेल, तर थरांच्या लाकडाची आर्चटॉप हे स्वतःच्या पायावर उभे असलेले वेगळे वाद्य आहे, आणि कोरीव गिटारच्या तुलनेत तिला कमी लेखणे म्हणजे दोन निरनिराळ्या कामांना एकच फूटपट्टी लावणे होय.

हे मत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कमानदार तबली कोरून काढण्याची रीत ऑर्व्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील कलमाझू येथे मँडोलिन आणि गिटारसाठी अवलंबली. १९२२ साली गिब्सनमधील वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांच्या काळात आलेल्या एल-५ या गिटारवर व्हायोलिनची एफ-छिद्रे आली आणि वाद्यवृंदात ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून तालाचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरसमूह) ऐकू जाऊ लागले. त्या गिटारचे काम एकच होते: विजेच्या मदतीशिवाय स्वर दूरवर पोहोचवणे. गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांनी काउंट बेसी यांच्या जाझ वाद्यवृंदात अनेक दशके हेच काम इतक्या निष्ठेने केले की तालाची गिटार म्हटले की आजही प्रथम त्यांचेच नाव निघते. १९३६ साली विजेवर वाजणारी ईएस-१५० आली, तेव्हा गिब्सनने कोरीव स्प्रूसच्या तबलीवरच एक जड पिकअप बसवला. जाझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आले आणि त्यांनी त्या गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांबलचक स्वरपंक्ती वाजवून दाखवल्या. १९४२ साली, अवघ्या २५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एवढ्या थोड्या काळात एखाद्या वाद्याचे स्थान इतके बदलणारा दुसरा वादक मला आठवत नाही.

मात्र ईएस-१५० च्या तबलीवर परस्परविरोधी दोन कामे येऊन पडली होती. विजेविना वाजताना तबलीने मोकळेपणाने थरथरावे लागते, आणि पिकअपला तारेचा स्वर स्वच्छ मिळावा म्हणून तिने शक्य तितके स्थिर राहावे लागते. थरांच्या लाकडाची तबली ताठ असते, ती सहज हलत नाही, आणि म्हणून ती दुसरे काम अधिक चांगले करते. साच्यात दाबून ती लवकर बनते हे खरे आणि त्यामुळे खर्च वाचतो हेही खरे. पण स्वस्त असणे आणि योग्य असणे या दोन गोष्टी एकाच वाद्यात एकत्र येऊ शकतात.

हे मला पुस्तकी विचारातून उमगले नाही. आर्चटॉप वाजवणारे आम्ही चौघे एका संध्याकाळी आपापल्या गिटार घेऊन जमलो होतो. एका ज्येष्ठ मित्रांची कोरीव स्प्रूसची गिटार, माझी ही थरांची, एक पातळ शरीराची पोकळ गिटार आणि एक तरंगता पिकअप असलेली, म्हणजे ज्यात पिकअप तबलीला न टेकता नेकच्या (गिटारच्या मानेच्या) टोकाशी जोडलेला असतो अशी. आधी सर्व गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवल्या. त्यात कोरीव गिटारसमोर माझी गिटार अगदी मिणमिणती वाटली; तिचा स्वर जवळच्या माणसापुरताच राहत होता, तर त्या मित्रांच्या गिटारचा एक साधा जी मेजर सातवा कॉर्ड खोलीच्या कोपऱ्यापर्यंत उलगडत जात होता. मग चारही गिटार एकामागून एक त्याच व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला जोडल्या, आवाज एका ड्रमवादकाबरोबर वाजवावा लागेल इतपत ठेवला आणि ऐकणाऱ्यांनी पाठ फिरवून बसायचे असे ठरले. आता चित्र पालटले. कोरीव गिटारचे खालचे स्वर फुगून एकमेकांत मिसळू लागले, आणि माझ्या गिटारवरचा चार स्वरांचा कॉर्ड चार वेगवेगळ्या माणसांनी एकाच वेळी बोलावे तसा सुटा सुटा ऐकू आला. त्या मित्रांनी स्वतःच माझी गिटार मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास ती खाली ठेवली नाही. त्यांच्या गिटारचे मोल माझ्या मनात तसूभरही कमी झाले नाही. अ‍ॅम्पशिवाय तिच्यासारखा स्वर मी दुसऱ्या कोणत्या गिटारवर क्वचितच ऐकला आहे.

या गिटारच्या स्वराविषयी नेमके सांगायचे तर तो लवकर उमलतो आणि लवकर मिटतो. तारेवर पिक पडताच सुरुवातीला एक लाकडी ठोका येतो, त्यामागे गोल, थोडासा काळोखी स्वर येतो आणि भरीव शरीराच्या इलेक्ट्रिक गिटारप्रमाणे लांबत न राहता तो विरून जातो. काहींना हा दोष वाटेल. मला मात्र याच गुणामुळे कॉर्डमागून कॉर्ड वाजवताना मागच्या स्वराचा चिखल पुढच्या स्वरावर साचत नाही, असे वाटते. जाझ गिटारवादक जो पास यांचे एकट्या गिटारवरचे वादन ऐकताना खालचा चालता स्वर, मधले कॉर्ड आणि वरची चाल या तिन्ही गोष्टी वेगळ्या कळतात. त्यात त्यांच्या हाताचा वाटा अर्थात सर्वांत मोठा आहे, पण ईएस-१७५ च्या या मिटत्या स्वराचाही त्यात हात आहे अशी माझी धारणा आहे. जिम हॉल आणि पॅट मेथेनी यांनीही आपली ओळख याच घडणीच्या गिटारवर घडवली, आणि दोघांचे स्वर एकमेकांपासून किती भिन्न आहेत हे ऐकले की या वाद्यावर केवळ एकाच रंगाचा शिक्का मारता येत नाही हे पटते. स्टीव्ह हाऊ यांनी तर ती रॉकमध्ये नेली. वेस मॉन्टगोमेरी यांचे नाव या यादीत अनेकदा घेतले जाते, परंतु अंगठ्याने वाजवलेला त्यांचा तो उबदार स्वर प्रामुख्याने एल-५ सीईएसचा, म्हणजे कोरीव तबलीच्या गिटारचा होता, हे माझ्या मताच्या विरोधात जात असले तरी येथे नोंदवणे आवश्यक आहे.

आता ब्रिजविषयी, कारण नव्याने आर्चटॉप घेणाऱ्याची पहिली निराशा बहुधा येथेच होते. हा ब्रिज तबलीला चिकटवलेला किंवा स्क्रूने बसवलेला नसतो. तारा टेलपीसला (शरीराच्या खालच्या टोकाशी त्यांना धरणाऱ्या भागाला) अडकतात, ब्रिजवरून जातात आणि त्यांच्या दाबाने तो जागेवर राहतो. माझी गिटार आली तेव्हा दुकानदाराने साऱ्या तारा एकदम काढून नव्या चढवल्या होत्या, आणि ते करताना ब्रिज सुमारे तीन मिलिमीटर पुढे सरकला होता. मोकळ्या तारा सुरात, पण बाराव्या फ्रेटपाशी (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) प्रत्येक कॉर्ड चढा. पहिला आठवडा मी या गिटारला दोष देण्यात घालवला. उपाय साधा आहे: बाराव्या फ्रेटवरील हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत, दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे, उतरलेला असेल तर नेककडे किंचित सरकवावा, आणि दर वेळी सरकवण्यापूर्वी तारा थोड्या सैल कराव्यात म्हणजे तबलीवर ओरखडे उठत नाहीत. जागा सापडली की ब्रिजच्या पायाशी कागदी पट्टीची बारीक खूण करावी आणि यापुढे तारा एकेक करूनच बदलाव्यात. हे एकदा हाती बसले की फारसे काही उरत नाही, पण विकणाऱ्याने ते ग्राहकाला सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे असे मला वाटते.

तारांच्या बाबतीत मी ठाम आहे. ०.०१२ ते ०.०५२ इंचांचा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा) संच, आणि त्यात तिसरी तार गुंडाळलेलीच हवी. कोरलेल्या लाकडी ब्रिजच्या खाचा गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने कापलेल्या असतात. तेथे साधी तार लावली तर ती वरच्या फ्रेटवर चढी वाजते आणि ब्रिज कितीही हलवला तरी ते दुरुस्त होत नाही. पातळ राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा मी दोन महिने लावून पाहिल्या. बोटांचा खरखराट पिकअपमधून स्पष्ट येतो आणि दाब कमी पडल्यामुळे ब्रिजखालची तबली जागी होत नाही, लाकडी ठोका हरवतो. हलक्या तारा हव्याच असतील तर ही गिटार घेऊ नये.

फीडबॅकची भीती या गिटारविषयी सर्वांत जास्त घातली जाते आणि ती निराधार नाही. अ‍ॅम्पमधून आलेला आवाज पोकळ शरीर हलवतो, शरीर तारा हलवते, पिकअप ते पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि हे चक्र फिरत राहून एक घूं असा आवाज वाढत जातो. माझ्या गिटारवर तो पाचव्या मोकळ्या तारेच्या, म्हणजे ११० हर्ट्झच्या आसपास उठतो. अ‍ॅम्पकडे तोंड करून उभे न राहता त्याच्या बाजूला उभे राहणे आणि बास नॉब दोन अंकांनी खाली आणणे, एवढ्यावर माझे बहुतेक प्रसंग निभावले आहेत. अगदी मोठ्या आवाजात एफ-छिद्रांत फोमचा तुकडा बसवावा लागतो. त्याने शिस्त येते, पण स्वराचा थोडा श्वासही जातो. याहून मोठ्या आवाजात वाजवायचे असेल तर १९५८ ची ईएस-३३५ आणि तिच्यासारख्या, मध्यभागी भरीव लाकडाचा ठोकळा असलेल्या गिटार याच अडचणीवर काढलेला तोडगा आहेत आणि तो तोडगा उत्तम आहे. फक्त त्या ठोकळ्याबरोबर लाकडी ठोका जातो आणि स्वर लांबू लागतो. ज्याला आर्चटॉप हवी आहे त्याचे त्यावर समाधान होणार नाही.

शरीराच्या आकाराशी जुळवून घ्यायला मला वेळ लागला. ८६ मिलिमीटर खोलीमुळे उजवा हात बराच बाहेर जातो आणि बसून वाजवताना पहिल्या काही आठवड्यांत खांदा भरून येत असे. गिटारची खालची कड उजव्या मांडीच्या थोडी बाहेर घेऊन तिचा नेक किंचित वर केला तेव्हा हा त्रास थांबला. लहान चणीच्या वादकांनी आधी कमी रुंदीची गिटार हातात घेऊन पाहावी. गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्या मागणीनुसार आयबानेझने १९७७ साली काढलेली जीबी-१० याच विचाराने लहान ठेवली आहे आणि तिच्यावर फीडबॅकही कमी होतो. नेक मात्र या घडणीचे सुख आहे. २४¾ इंचांच्या, म्हणजे सुमारे ६२८ मिलिमीटरच्या स्केलवर (तारेच्या थरथरणाऱ्या लांबीवर) जाड तारासुद्धा बोटांना जड वाटत नाहीत आणि दूरवर पसरलेले कॉर्ड आवाक्यात येतात.

एका गोष्टीबाबत मात्र मी पुन्हा खरेदी करताना वेगळा निर्णय घेईन. मूळ ईएस-१७५ वर नेकजवळ केवळ एक पी-९० (एकाच वेटोळ्याचा) पिकअप होता; दोन पिकअपची आवृत्ती १९५३ मध्ये आली आणि हंबकर १९५७ मध्ये. माझ्या गिटारवरील ब्रिजजवळचा पिकअप तीन वर्षांत मी एकूण दहा-बारा वेळा वापरला असेल, आणि तोही फंकसारखे तुटक कॉर्ड वाजवण्यापुरता. त्या पिकअपसाठी तबलीला ब्रिजजवळ, म्हणजे ती सर्वाधिक बोलते तेथेच, एक मोठे छिद्र पाडावे लागते. एकाच पिकअपची, तीही पी-९० ची, गिटार त्या संध्याकाळनंतर मी दोनदा वाजवून पाहिली आहे. वरच्या दोन तारांना तिच्यावर जी धार येते ती माझ्या हंबकरवर टोन नॉब पूर्ण उघडूनही येत नाही, आणि खालचे कॉर्ड तरीही तेवढेच सुटे राहतात. पुढची गिटार मी तीच घेणार आहे, आणि तिचीही तबली थरांचीच असेल.