पोकरची एक रात्र: लास वेगास की लंडन?

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर आपल्याकडे बंद झालं, आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून गोव्यातल्या कॅसिनोंवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. मोबाइलवर हात बसलेले बरेच जण त्यामुळे आता ‘पुढच्या परदेशवारीत एखादी रात्र खेळून बघू’ असं म्हणू लागलेत. कंपनीच्या कामासाठी किंवा मुलांकडे म्हणून आपली माणसं लंडनला आणि अमेरिकेला जातातच, म्हणून तुलना या दोनच शहरांची. मकाऊ मुद्दाम सोडलंय. तिथली टेबलं नवख्याच्या खिशाला झेपत नाहीत.

प्रत्यक्ष टेबलावर पहिल्यांदाच बसणार असाल तर माझं मत सरळ वेगासला. झगमगाटाचा त्याच्याशी संबंध नाही, तिथं टेबलं भरपूर आहेत एवढंच. एकट्या बेलाजिओ हॉटेलच्या पोकर रूममध्ये चाळीसच्या आसपास टेबलं आहेत, आणि एरिया, सीझर्स पॅलेस, व्हेनिशियन, विन ही हॉटेलंही स्ट्रिप नावाच्या त्याच रस्त्यावर. बसलात आणि लक्षात आलं की आजूबाजूला सगळे कानात हेडफोन घालून तासाला दोनच हात (म्हणजे डाव) खेळणारे आहेत, तर फ्लोअरवरच्या माणसाला ‘टेबल चेंज’ एवढंच सांगायचं. नाहीच जमलं तर चिप्सचे पैसे करून शेजारच्या हॉटेलात. शिवाय कॉन्फरन्ससाठी आलेले, मित्राच्या लग्नाआधीची पार्टी करायला आलेले असे पाहुणे टेबलावर हमखास असतात. त्यांना मजा करायची असते. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम, १-३ डॉलर; बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, सहसा १०० ते ३०० डॉलर, काही ठिकाणी ५०० पर्यंत.

लंडनमध्ये खेळायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एजवेअर रोडवरचा व्हिक्टोरिया, ज्याला सगळे ‘द विक’ म्हणतात, आणि लेस्टर स्क्वेअरचा हिप्पोड्रोम ही त्यातली मुख्य नावं. शुक्रवारी रात्री यादीत नाव टाकून ताटकळायची तयारी ठेवा. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी उभं राहावं तसं, कोण उठतंय याकडे डोळे लावून. मिळेल ते टेबल आपलं, आणि त्यावर एकमेकांना ओळखणारे नेहमीचे खेळाडू. नवा माणूस त्यांना चिप्स रचण्याच्या पद्धतीवरूनच कळतो. ब्लाइंड १-२ किंवा १-३ ऐकायला तेवढेच वाटतात, पण ते पौंड आहेत. २०० पौंड घेऊन बसलात की वीस हजारांहून जास्त रुपये टेबलावर.

मग लंडन कशाला? कारण तिथं पोकरसाठी वेगळी वारी करावी लागत नाही. मुंबईहून थेट विमान आहे, मीटिंग संपली की संध्याकाळ मोकळी. पूर्वी सभासद होऊन चोवीस तास थांबावं लागे, तो नियम २००५ मध्ये गेला. आता ओळखपत्र दाखवायचं आणि आत शिरायचं. शुक्रवारी आणि शनिवारी पिकॅडिली लाइन रात्रभर चालते. पहाटे तीनला लेस्टर स्क्वेअरहून गाडीत बसून थेट हीथ्रो गाठता येतं. हिप्पोड्रोमची वास्तूही बघण्यासारखी. १९०० मध्ये सर्कस आणि नाट्यप्रयोगांसाठी उघडलेल्या या इमारतीत २०१२ पासून कॅसिनो आहे. खेळायचं नसलं तरी एक चक्कर मारा. वेगासला भारतातून थेट विमान नाही, आणि खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी वेगळी लागते. ती बुकिंग करतानाच बघून घ्या. वय लंडनमध्ये १८ चालतं, वेगासमध्ये २१ पूर्ण हवं.

टेबलावरच्या शिस्तीत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नाही, आणि मोबाइलवर शिकलेला माणूस इथंच अडखळतो. रेझ करायचं (लावलेली रक्कम वाढवायचं) मनात असलं आणि तोंडानं काही न बोलता २५ ची एकच हिरवी चिप पुढं टाकली, तर तो कॉल, म्हणजे समोरच्याएवढीच रक्कम, धरतात. उरलेले सुटे परत येतात आणि राजा-राजासारखी भारी पानं घेऊन तुम्ही चार जणांबरोबर फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघता. म्हणून आधी बोला, मग चिपला हात लावा. चिप्स दोन खेपांत पुढं सरकवल्या तर दुसरी खेप मोजत नाहीत. आणि मित्राबरोबर बसलात तर हात चालू असताना मराठी बंद! टेबलावर फक्त इंग्रजी हा नियम आहे. ‘अरे, फेक ना’ एवढं म्हटलं तरी डीलर टोकतो.

वेगासमध्ये पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, जिंकला की डीलरला एक डॉलर द्यायची रीत आहे. दारू फुकट मिळते, पण आणून देणारीलाही एक डॉलर. लंडनमध्ये टिप ऐच्छिक, पेयाचे पैसे आपले आपण. रेक, म्हणजे पॉटमधला कॅसिनोचा वाटा, दोन्हीकडे कापतातच.

टूर्नामेंट खेळणार असाल तर पारडं लंडनकडे झुकतं. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशांवर खेळाडूला कर नाही. अमेरिकेत टूर्नामेंटमध्ये मोठी रक्कम जिंकलात, तर भारतीयाचे ३० टक्के तिथंच कापून घेतात. कॅश गेममध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या साध्या टेबलांवर, तशी कपात होत नाही. पण भारतात निवासी असाल तर कमाई कुठलीही असो, इथं ३० टक्के आणि वर सेस आहेच, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. लॉटरी, स्वीपस्टेक यांसाठी परदेशी चलन पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत मनाई आहे, तेव्हा कॅसिनोत कार्ड घासण्याआधी सीएंशी बोला.

वेगास ठरवलंत तर महिना बघून जा. १९७० पासून चालत आलेली पोकरची मोठी स्पर्धा, वर्ल्ड सिरीज, मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असते, २०२२ पासून स्ट्रिपवरच. तेव्हा जगभरचे पट्टीचे खेळाडू तिथं असतात, उन्हाचा पारा चाळिशीपार आणि खोल्या महाग. नामांकित खेळाडू जवळून बघायचे असतील तर हाच काळ. स्वतः निवांत खेळायचं असेल तर मार्च किंवा ऑक्टोबर धरा, आणि आठवड्याच्या मधल्या वारी पोहोचा.